फवारणीचं पक्कं बिल: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. आमच्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात. कृषी केंद्रात जायचं, बोंडअळीवर औषध मागायचं. दुकानदार दोन बाटल्या काढून देतो आणि उधारीच्या वहीत आकडा मांडतो. 2017 च्या हंगामात मीही तसंच आणलं. दोन्ही औषधं बादलीत कालवली आणि मजुराच्या पाठीवर पंप चढवला. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, त्याच्या डोक्याएवढी होती. संध्याकाळी त्याला अंधुक दिसू लागलं, उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात पहिला प्रश्न आला: फवारलं काय? बिल नव्हतं. धुऱ्यावर फेकलेल्या बाटल्या शोधायला मी रात्री टॉर्च घेऊन शेतात गेलो. तो वाचला. त्या हंगामात जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं फवारणीच्या विषबाधेनं गेली.

कायदा आहे, साहेब. 1968 चा कीटकनाशक कायदा, 1971 चे नियम. प्रत्येक विक्रीला बिल हवं, डब्यावर विषारीपणाचा रंगीत त्रिकोण हवा, सर्वांत जहाल विषाला लाल, त्याखालोखाल पिवळा, आत माहितीपत्रक. पण फवारणारा माणूस दुकानात येतच नाही. त्याच्या हाती बादली पडते, आणि बादलीवर त्रिकोण नसतो.

कलम 27 खाली राज्याला विक्री थांबवता येते ती 60 दिवस, फार तर आणखी 30. कायमची बंदी केंद्राच्या हाती, हे मला कळतं. पण दुकानाचा परवाना आणि निरीक्षक तुमच्याच खात्याचे आहेत. लाल-पिवळ्या त्रिकोणाचा माल पक्क्या बिलाशिवाय विकला, तर परवाना निलंबित करा. बिलावर औषधातल्या विषाचं नाव आणि पीक मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहायला लावा. त्याची दुसरी प्रत फवारणाऱ्याच्या खिशात जाऊ द्या, म्हणजे डॉक्टरांना अंदाज बांधावा लागणार नाही. हातमोजे आणि मास्कही त्याच काउंटरवर, त्याच बिलात द्या. माझ्यासारख्यानं ‘नको’ म्हटलं तरी द्या. मी तेव्हा नकोच म्हटलं असतं.

आणि दुकानांची तपासणी माणसं दगावल्यावर ऑक्टोबरात नको. जूनमध्ये, पेरणीबरोबर करा.

तो मजूर आता फवारणीला जात नाही. त्याचा मुलगा जातो. यंदाची पहिली फवारणी जुलैत आहे. परिपत्रक त्याआधी निघावं, ही विनंती.

आपला,
एक कापूस उत्पादक, यवतमाळ जिल्हा