पुस्तकांच्या दुकानाला हातभार लावणाऱ्यांचे आभार

आमचे पुस्तकांचे दुकान कोणत्याही मोठ्या साखळीचा भाग नसल्याने ते वाचकांच्या भरवशावरच उभे आहे, याची जाहीर नोंद करणे आम्ही कर्तव्य मानतो. नव्या पुस्तकांचे गठ्ठे उघडून प्रत्येक प्रतीच्या मलपृष्ठावरील १३ अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) यादीशी ताडून पाहणारे, न खपलेल्या प्रती मुदतीत प्रकाशकांकडे परत जाव्यात म्हणून त्या नीट बांधून देणारे आणि २३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनी मुलांना आवाज बसेपर्यंत वाचून दाखवणारे स्नेही कधीच प्रसिद्धीच्या झोतात आले नाहीत. मात्र इतरत्र सवलतीत मिळणारे पुस्तक मुद्दाम आमच्याकडे नोंदवून त्यासाठी थांबणाऱ्या वाचकांचे ऋण, आमच्या मते, सर्वांत मोठे आहे; कारण अशा नोंदणीच्या बळावरच आम्ही अपरिचित लेखकांची पुस्तके मागवू शकतो. या सर्वांचे मनःपूर्वक आभार.