बी पुरू नका म्हणणाऱ्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

परभणीत गच्चीवर नाहीतर अंगणात रुडबेकिया लावणाऱ्या आम्हा सगळ्यांचं हे पत्र. रुडबेकिया म्हणजे पाकिटावर 'ब्लॅक-आयड सुझन' छापलेलं, पिवळ्या पाकळ्यांचं आणि मधे काळसर बोंड असलेलं फूल. नर्सरीच्या फाटकाशी उभं राहून तुम्ही जे जे सांगितलंत ते इथं उतरवून ठेवतो. नुसतं 'आभारी आहोत' म्हणून भागणारं हे काम नाही.

पहिला उपकार नावाचा. 'ब्लॅक-आयड सुझन' याच नावाने थनबर्जियाचा वेलही विकला जातो, तो मूळ आफ्रिकेचा. रुडबेकिया उत्तर अमेरिकेचं. तुम्ही दोन्ही बिया तळहातावर शेजारी ठेवल्यात आणि घोळ मिटला. वेलाचं बी मिऱ्याएवढं, एका बाजूला खळगा. रुडबेकियाचं जेमतेम २ मिलिमीटरचं, काळं, जिऱ्याचा तुकडा पडावा तसं. वेलाचं बी रात्रभर भिजवून सेंटिमीटरभर खोल लावायचं. रुडबेकियाचं पुरायचंच नाही, कारण त्याला उगवायला उजेड लागतो. आपल्याकडे बी टाकलं की वर माती, मातीवर राख, राखेवर गोणपाट! मग उगवत नाही आणि खापर बियाणाच्या पाकिटावर फुटतं.

रानात रब्बी ज्वारीची तिफण चालू झाली की ट्रे भरायचा, हे तुमचं पंचांग. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं, आधी भिजवून निथळलेलं. चिमूटभर बी दोन चमचे कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरायचं, वाटीच्या बुडाने हलकं दाबायचं आणि फवाऱ्याने ओल धरायची. झारी नको, बी एका कोपऱ्यात वाहून जातं. वर पारदर्शक प्लास्टिक, ट्रे सावलीत पण उजेडात. आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब दिसतात. दिसले की प्लास्टिक काढायचं, नाहीतर रोपं बुडातून कोलमडतात.

पहिली दोन बीजपानं सोडून पाच-सहा खरी पानं आली की कुंडीत हलवायचं. १२ इंची कुंडीत एकच रोप, वाफ्यात दोन रोपांत फूटभर अंतर. पानांच्या झुबक्याचा मधला गाभा मातीच्या वरच राहिला पाहिजे. तो दबला की सडतो. नुसती काळी माती कुंडीत वीट होते, म्हणून माती, जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत सम भागात. अंगणात वाफा ६ इंच उचलून घ्यायचा. बोट घालून वरची इंचभर माती कोरडी लागली तरच पाणी, तेही बुडाशी. युरियाच्या बाबतीत तुम्ही हातच जोडलेत, ते बरोबरच होतं. युरियाने झाड पालेदार होतं, लांबतं आणि आडवं पडतं; फुलं मोजून चार. महिन्याला मूठभर गांडूळखत पुरतं.

आपली चुनखडीची जमीन आणि बोअरचं जड पाणी याची खूण तुम्ही पानावरच दाखवलीत: कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता. मातीत हिराकस (फेरस सल्फेट) टाकला तर चुन्यात अडकून बसतो. म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी पानांवर फवारा. भुरीला, म्हणजे पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला, विद्राव्य गंधक, लिटरला २ ग्रॅम. पण पारा ३२ च्या वर असेल तर नाही, आणि निंबोळी तेल मारून दोन आठवडे झाले नसतील तरी नाही. पानं करपतात. मुळात दाटी झाली नाही तर भुरीच कमी येते.

ऑक्टोबरचं बी जानेवारीच्या सुमारास फुलतं. सुकलेलं फूल नुसतं खुडायचं नाही, दांडा खालच्या पानाच्या पेरापर्यंत कापायचा, तिथूनच नवा फुटवा येतो. फुलदाणीसाठी सकाळी, ऊन चढायच्या आत कापायचं; पाकळ्या पूर्ण उघडलेल्या हव्यात. पाण्यात बुडणारी केसाळ पानं काढून टाकायची, पाणी रोज बदलायचं. आठवडाभर फूल टिकतं. हाराच्या भानगडीत पडू नये. एकेरी पाकळी दुपारपर्यंत मान टाकते, तिथे झेंडूच राजा.

आणि हो, पाकिटावरच्या 'इंडियन समर' या जातीला आपल्या उन्हाळ्याशी काही देणंघेणं नाही, हे तुम्ही सांगितलंत म्हणून बरं. तिकडे थंडी सुरू होताना मधेच पडणाऱ्या उबदार दिवसांना तसं म्हणतात. आपल्या एप्रिलात दुपारी हिरवी नेट लागतेच.

आता बोंडं तपकिरी होऊन वाळली आहेत. चोळून, पाखडून बी कागदी पुड्यांत भरलंय. घटस्थापनेआधी तुमच्या फाटकाशी एक पुडी पोचेल, वर तुमचंच वाक्य लिहून: पुरू नका.

आपले,
गच्ची-अंगणातले आम्ही सगळे, परभणी