बाबांची पोटरी आणि नवे बूट

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, पोटरी दुखतेय आणि सकाळी उठल्यावर तुम्ही लंगडता, हे मला आईकडून कळलं. साठीनंतर तुम्ही गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर धावायला लागलात याचा मला फार अभिमान आहे. ते बंद पडू नये म्हणूनच लिहितेय.

टाच टेकवू नका, चवड्यावर धावा, पातळ तळाचे बूट घ्या, असं ट्रॅकवरच्या मंडळींनी सांगितलं ना? त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी २०१० साली दाखवलं, की लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा चवड्यावर उतरतात आणि टाच आपटल्याचा झटका त्यांना फारसा बसत नाही. मात्र झटका कमी म्हणजे दुखापत कमी, असं त्यातून सिद्ध होत नाही. भार कुठे जात नाही, फक्त जागा बदलतो. टाचेवर उतरलं तर गुडघ्यावर जास्त येतो, चवड्यावर उतरलं तर पोटरीवर आणि टाचेमागच्या जाड शिरेवर. तुमचं नेमकं तेच दुखतंय.

सावरपाड्याची धावपटू कविता राऊतही अनवाणीच धावायची, असं तुम्ही म्हणाल. पण तिचे पाय लहान वयात डोंगरवाटांवर घडले, तुमचे ऑफिसच्या बुटांत. घाईने पातळ बुटांकडे वळलेल्या काही धावपटूंच्या तर पावलांच्या हाडांतही सूज आढळली आहे.

तेव्हा सध्या धावणं थांबवा, आईबरोबर सपाटीवर चाला, तेही जुने जाड बूट घालून. दुखणं ओसरलं की ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली आणायच्या. पुन्हा धावाल तेव्हा पाऊल कसं पडतं ते बघू नका, ढांगा थोड्या आखूड करा. मिनिटाला पावलं पाच-दहा टक्के वाढली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो. आठवड्याचं अंतर मात्र हळूहळूच वाढवा.

आई, नवे बूट घ्यायला तू सोबत जा, नाहीतर दुकानदार म्हणेल तो जोड घेऊन येतील. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. तळव्याचा ठसा पाहून बूट निवडल्याने दुखापती कमी होत नाहीत, हे अमेरिकी सैन्यातल्या रिक्रूटांवरच्या चाचण्यांत दिसलंय. घालून आरामदायक वाटला तोच घ्या.

शिरेवर सूज दिसली किंवा पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अंगावर काढू नका, बाबा.

तुमची,
मुक्ता