आमच्या मैनाचे कान "करेक्ट" करायला तुम्हाला कोणी सांगितलं?

प्रति,
मॅनेजर आणि ग्रिव्हन्स ऑफिसर,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय. हा सहावा कॉल, त्यात 22 मिनिटं होल्डवर गेली. आता फोन बंद, जे काय आहे ते लेखी. फोटोवरून चित्र काढून देण्याचं तुमचं प्रीमियम ऑइलवालं पॅकेज, 24 बाय 36 इंच, 18,500 रुपये पूर्ण आधीच भरलेत, ऑर्डर नंबर सब्जेक्टमध्ये आहे.

चित्र आमच्या मैनाचं हवं होतं. मारवाडी घोडी, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंग, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. अण्णांनी तिला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली, तापीकाठी दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो तिथं, मानेवरचा देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा, बघून. 19 वर्षं आमच्या दारात होती. मागच्या पावसाळ्यात पोटशूळ उठला, डॉक्टर रात्रभर थांबले, पहाटे गेली. तेव्हापासून अण्णा तबेल्याकडं फिरकत नाहीत. तिचा खरारा खुंटीला तसाच आहे, त्याच्या दातांत तिचे केस अडकलेत आणि ते कोणाला काढू देत नाहीत. त्यांच्या पंचाहत्तरीला हे चित्र द्यायचं ठरलं म्हणून मी तुम्हाला 14 फोटो पाठवले, त्यातले तीन फक्त कानांचे, आणि तुमच्या त्या सूचनांच्या चौकटीत स्पष्ट लिहिलं की कान आत वळलेत, टोकं एकमेकांना टेकतात, तसेच काढा.

तुम्ही काढले सरळ उभे. रेसकोर्सवरच्या घोड्यासारखे.

यावर तुमचा माणूस मला काय म्हणाला ते शब्दाला शब्द लिहितो, रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेच, ऐका. "सर, फोटोत हॉर्सचे कान थोडे वाकडे आले होते, आमच्या टीमने करेक्ट केलेत." मी म्हटलं, अहो मारवाडी घोड्याची ओळखच ते कान, लोक बाजारात आधी कान बघतात. तर म्हणतो, "एक मिनिट सर, चेक करतो," आणि मला होल्डवर टाकून परत येऊन सांगतो की "सर, मी चेक केलं, हॉर्सचे कान सरळच असतात. पेटमध्ये काही व्यंग असेल तर आम्ही ते दाखवत नाही, कस्टमरला आवडत नाही." व्यंग! 19 वर्षं आम्ही ज्या कानांमधून हात फिरवला त्याला व्यंग म्हणाला हा माणूस. मी गप्पच झालो. मला वाटतं त्याला वाटलं मी पटवून घेतलं, कारण लगेच म्हणाला, "फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाकलात तर पुढच्या ऑर्डरवर 10 टक्के सूट देतो, दुसरं पेट असेल तर त्याचं काढून घ्या." गेलेल्या जनावराच्या चित्रासाठी फोन केलेल्या माणसाला असं बोलायला शिकवता का तुम्ही?

डावा मागचा पायही तपकिरी रंगवलाय. एका फोटोत तो गवतात होता, बाकीचे 13 कोणी उघडलेच नाहीत असं दिसतं.

आणि हे ऑइल पेंटिंग नाही. खिडकीजवळ नेऊन भिंगातून बघितलं तर सगळीकडं प्रिंटरचे ठिपके आहेत, वरून पारदर्शक जेलचे फराटे मारलेत, आणि ते फराटे चित्राचं ऐकत नाहीत, एक तर आभाळातून निघून सरळ तिच्या डोळ्यावरून गळ्यापर्यंत गेलाय. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू वाळतो, जाड थराला महिने लागतात. तुमचं चित्र नवव्या दिवशी घरात आलं, कडक कोरडं, बबल रॅपमध्ये आवळून, आणि जवसाच्या तेलाचा वाससुद्धा नाही. हे तुम्हाला माहीत नसेल असं होऊच शकत नाही, तुमचा धंदाच हा आहे.

प्रिव्ह्यू म्हणे मी अप्रूव्ह केला. मला प्रिव्ह्यू आलाच नाही. चौथ्या कॉलला कळलं की 24 तासांत उत्तर नाही आलं तर तुमची सिस्टिम आपोआप अप्रूव्ह करते. न आलेल्या मेलला मी उत्तर कसं देणार? आणि प्रिव्ह्यू आला असता तर मी पहिल्यांदा कानच बघितले असते.

आता माझं म्हणणं. एकतर पूर्ण पैसे परत, नाहीतर माणसाच्या हाताने, खऱ्या तैलरंगात, त्याच फोटोंवरून चित्र, कान तसेच, चारही पाय पांढरे, वेळ लागला तरी चालेल. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे ग्रिव्हन्स ऑफिसरने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पोच नाही आली तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जाईल, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात, माझ्या जिल्ह्याच्या, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या ठिकाणी केस करता येते. भिंगातून काढलेले फोटो सोबत जोडलेत. ऑर्डर देताना तुमचं नाव मी चार घरांत सांगितलं होतं, आता त्या चार घरांना हे चित्र दाखवणार.

पंचाहत्तरीला पाहुणे जमले होते. अण्णांनी कागद स्वतः काढला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं, कानांवरून बोट फिरवलं आणि हळूच मला विचारलं, "छान आहे रे, पण ही कोणाची घोडी?"

चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलंय. पिकअपला माणूस पाठवा.

तुमचा ग्राहक