आर्मररकाकांना पत्र: पहिली सेमी-ऑटो निवडायला शिकवल्याबद्दल

आर्मररकाका,
सप्रेम नमस्कार.

पहिली सेमी-ऑटोमॅटिक रायफल घ्यायला निघालेला जो तो रेंजवरच्या तुमच्या बंदूक-दुरुस्तीच्या टेबलापाशी येऊन किंमत विचारतो. तुम्ही त्यालाच उलट विचारता, "महिन्याला गोळ्या किती झाडणार?" त्या प्रश्नाबद्दल आम्हा सगळ्यांकडून हे जाहीर आभार.

सेमी-ऑटो खादाड असते. चाप दाबला की गोळी सुटते, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि पुढचं काडतूस आपसूक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, बसतं. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) हाताने ओढण्यात जो वेळ जायचा तो जात नाही, म्हणून ५० काडतुसांची डबी कधी संपली ते कळतही नाही. वर्षभरात दारूगोळ्याचा खर्च रायफलीच्या किमतीला मागे टाकू शकतो. म्हणून पहिली रायफल .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या काडतुसाचीच घ्या, हा तुमचा हेका. या काडतुसाची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम, बहुधा साध्या शिशाची, आणि आत दारू चिमूटभर. मोठ्या रायफलींच्या .२२३ काडतुसाची ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला हजार मीटरच्या आसपास धावते. तिला तांब्याचं कवच लागतं, दारू कितीतरी जास्त लागते, आणि किंमतही बरीच वाढते. शिवाय .२२ खांद्याला धक्का असा देतच नाही, त्यामुळे चाप दाबताना डोळे मिटायची खोड नवशिक्याला लागत नाही. ती एकदा लागली की सोडवायला जन्म जातो.

मॉडेलांबाबत तुम्ही फार वेळ घालवत नाही, आम्हीही घालवणार नाही. रुगर १०/२२ ही १९६४ पासून बाजारात आहे. तिचं १० गोळ्यांचं फिरकी मॅगझिन (काडतुसांची काढता येणारी डबी) दस्त्यात पूर्ण लपतं. नळी दोन स्क्रूंवर बसते, ट्रिगरचा गट दोन पिना काढल्या की हातात येतो, आणि सुटे भाग सहज मिळतात. मार्लिन मॉडेल ६० त्याहून जुनी, १९६० ची. तिच्या नळीखालच्या ट्यूबमध्ये काडतुसं एकामागे एक सोडायची असतात. मॅगझिन हरवायची भीती नाही, जादा मॅगझिनांचा खर्चही नाही. पण भरायला वेळ लागतो, ट्यूबला पोचा आला की आतला दट्ट्या अडकतो, आणि रिकामी केली असं वाटत असताना एखादं काडतूस आत राहू शकतं. सॅव्हेज ६४ ला साधं १० गोळ्यांचं पेटी-मॅगझिन असतं. पुढे एआर-१५ ही मोठ्या कॅलिबरची सेमी-ऑटो घेणाराला स्मिथ अँड वेसनची एम अँड पी १५-२२ बरी पडते, कारण सगळे खटके त्याच जागी असतात.

आमचं खरं ऋण आहे ते जुनी रायफल तपासायला शिकवल्याचं. आधी मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढून धरायचा, चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि बोटानेही चाचपायचं. मग बॅटरीच्या उजेडात चेंबरची कड बघायची. .२२ चा फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळतो. आत काडतूस नसताना कुणी वर्षानुवर्षं चाप ओढत बसलं असेल, तर काही रायफलींत तो पिन थेट चेंबरच्या काठावर आपटतो आणि तिथे नखाच्या टोकाएवढी खाच पडते. त्या खाचेची कोर आत वळली की काडतूस बसताना अडतं आणि पुंगळी निघताना चिकटते. अशी रायफल वरून नवीकोरी दिसते!

नंतर नळीचं तोंड. कान साफ करायची कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच फिरवायची. तंतू अडकला तर तिथे टोकदार कोर आहे. गोळीचं बूड नळीतून शेवटी तिथून सुटतं. एका बाजूने वायू आधी निसटला तर गोळी कलते, आणि ५० मीटरवर रुपयाएवढा जमाव (लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका) येणाऱ्या रायफलीचा बशीएवढा येतो. १०/२२ सारख्या रायफलींत मागची बाजू बंद असते, त्यामुळे लोक सळई तोंडाकडून घालून ती कड घासून टाकतात. चेंबरकडून ओढायची दोरी वापरली की ही कटकटच उरत नाही.

तिसरी तपासणी चापाची, रायफल रिकामी आणि तोंड सुरक्षित दिशेला. सेफ्टी लावून चाप दाबा, हातोडी (फायरिंग पिनवर आदळणारा आतला भाग) पडता कामा नये. सेफ्टी काढा, चाप दाबून तसाच धरून ठेवा, बोल्ट मागे ओढून सोडा, मग चाप सावकाश सोडा. बारीकसा 'टक्' ऐकू आला पाहिजे, आणि पुन्हा दाबल्यावर हातोडी पडली पाहिजे. बोल्टबरोबरच हातोडी खाली आली तर हातोडी धरून ठेवणारा आतला अडका झिजला आहे. रेंजवरही पहिल्यांदा एकच काडतूस भरायचं, मग दोन, आणि मगच पूर्ण मॅगझिन. एका दाबात दोन गोळ्या सुटल्या तर रायफल रिकामी करून तुमच्याकडे, घरगुती दुरुस्ती नाही.

अडकण्याचं म्हणाल तर, "मॅगझिनांवर रंगाने १, २, ३ लिहा," हा तुमचा सल्ला सोन्यासारखा. काडतूस नाक वर करून अडकत असेल आणि दर वेळी २ नंबरच असेल, तर त्या मॅगझिनच्या ओठांत दोष आहे, रायफल निर्दोष. पुंगळी बाहेर पडायच्या दारात उभी अडकत असेल तर आधी काडतूस बदलून पाहायचं. या रायफलींत बोल्टला कुलूप नसतं, त्याचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच तो थांबतो, आणि पुंगळीच्या धक्क्याने मागे जातो. आवाजाच्या वेगाखालची मवाळ काडतुसं कधी कधी तेवढा धक्काच देत नाहीत. काडतूस बदलूनही तेच, तर एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाची, नखी बघायची. तिच्याखाली मेण आणि काजळी घट्ट बसते, ती दात कोरायच्या काडीने निघते. त्यावर तेल ओतणारे मात्र बघवत नाहीत, तेलाला न जळलेली दारू चिकटून लापशी होते.

काडतूस निवडताना चार-पाच प्रकारांची एकेक डबी घ्यायची, ५० मीटरवर टेकूवरून पाच-पाच गोळ्यांचे जमाव काढायचे, आणि रायफलीला मानवलं ते घाऊक घ्यायचं. दुर्बीण .२२ साठी बनवलेली घ्यायची, कारण तिचा पॅरलॅक्स (डोळा हलला की निशाण सरकल्यासारखं दिसणं) साधारण ५० यार्डांवर जुळवलेला असतो. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांसाठी असतात.

मोठ्याच कॅलिबरचा हट्ट असेल त्याच्यासाठी दोनच गोष्टी. नळीवरचा शिक्का वाचा: .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ नाटो हे तसंच दिसणारं लष्करी काडतूस झाडायचं नाही, ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ मात्र चालतं. आणि एसकेएस ही जुनी लष्करी सेमी-ऑटो घेतली तर आधी बोल्ट उघडून साठवणुकीचं ग्रीस धुऊन काढा. तिचा फायरिंग पिन बहुधा मोकळा, म्हणजे स्प्रिंगशिवाय असतो. तो ग्रीसमध्ये पुढे अडकून राहिला तर बोल्ट बंद होतानाच गोळी सुटते.

'टक्' झालं आणि बार झाला नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, आणि बार फुसका वाटला तर पुढची गोळी न झाडता, रायफल रिकामी करून नळी मोकळी आहे का ते बघायचं, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता नव्यांना आम्हीच सांगतो.

तुमचे ऋणी,
रेंजवरची सगळी मंडळी

ता. क. शिशाचं तेवढं राहिलंच. साफसफाईनंतर हात गार पाण्याने आणि साबणाने धुवा, मगच चहा, हेही नव्यांना सांगायला लागलो आहोत.