वैद्य लूक यांस, सत्ताविसाव्या अध्यायाबद्दल

प्रिय वैद्य लूक यांस,
ख्रिस्तामध्ये सलाम.

बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा २७ वा अध्याय, पौल प्रेषिताला कैदी म्हणून समुद्रमार्गे रोमला नेले त्या प्रवासाचा, लिहिलात, त्याबद्दल हे आभार. वादळ झाले, देवाने राखले, मलिता (आजचे माल्टा) बेटाला लागलो, एवढ्यावरही पौलाची हकिकत भागली असती. तुम्ही मात्र वारा कुठला, पाणी किती वाव, नांगर कुठून सोडले, सगळे टिपलेत. वैद्य असून! हा अध्याय शिकवताना हवेत बोलावे लागत नाही ते त्यामुळेच.

क्रेता बेटावरच्या ‘सुंदर बंदर’ नावाच्या बंदरात तारू आले तेव्हा यहूद्यांचा प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास होऊन गेला होता, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबर. सप्टेंबरच्या मध्यानंतर तिथला समुद्र धोक्याचा, आणि नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ बंद. तरी कैद्यांना नेणारा रोमी शताधिपती यूल्य याने पौलाचे न ऐकता तांडेल आणि तारवाचा धनी यांचे ऐकले, बहुमतही तिकडेच गेले. हिवाळ्याला बरे असे फेनिके बंदर वारा धार्जिणा असेल तर एका दिवसाच्या मजलेवर. त्यात मंद दक्षिण वारा सुटला आणि सगळ्यांना वाटले, जमले! ‘प्रभूने दार उघडले’ म्हणून मंडळीच्या कमिटीत घाईने ठराव होतात, तेव्हा हा दक्षिण वारा आठवावा. थोड्याच वेळात बेटावरून युरकुलोन, म्हणजे ईशान्येचा तुफानी वारा, सुटला, तो चौदा दिवस हटला नाही.

पण आमचे खरे आभार १० व्या वचनासाठी. तिथे पौल म्हणतो, मला दिसते की मालाची, तारवाची आणि आपल्या जिवांचीही हानी होईल. २२ व्या वचनात तोच सांगतो, तारू जाईल, जीव कोणाचाच जाणार नाही. पहिला होता आधीच तीनदा तारू फुटलेल्या माणसाचा अंदाज (करिंथकरांस दुसऱ्या पत्रात त्याने ते या प्रवासाआधीच लिहिले होते). दुसरा, रात्री देवदूताने दिलेला निरोप. अंदाज जिवांपुरता चुकला आणि तुम्ही तो खोडला नाहीत. ऊठसूट ‘प्रभूने मला सांगितले’ म्हणणाऱ्यांनी ही दोन वचने शेजारी ठेवून वाचावीत. ‘माझे ऐकायला हवे होते’ हा पौलाचा टोमणाही तुम्ही राहू दिलात, ते फारच बरे केले.

अभिवचन मिळाल्यावरही कोणी हात बांधून बसले नाही. चौदाव्या रात्री बुडीद (खोली मोजायचा दोर) टाकला तर २० वाव, थोड्या अंतरावर १५. कोकणच्या कोळ्याला वाव सांगावा लागत नाही. इतरांसाठी, एक वाव सुमारे १.८ मीटर. किनारा जवळ येत होता. चार नांगर सोडले ते वरामाकडून, म्हणजे मागून. नाळेकडून, म्हणजे पुढून, सोडले असते तर तारू फिरून वरामाच खडकाकडे झाला असता. मागून धरल्यामुळे तोंड किनाऱ्याकडेच राहिले. सकाळी दोर कापायचे, सुकाणू मोकळे करायचे आणि पुढचे शीड उभारून तारू वाळूवर घालायचे, एवढेच उरले. खलाशी नाळेकडून नांगर टाकण्याचे निमित्त करून मचव्यातून पळू लागले, तेव्हा पौल म्हणाला, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. ‘कोणीही मरणार नाही’ हे त्याला ठाऊक होते. तरी सकाळचे काम शिपायांच्याने होणारे नव्हते, हेही ठाऊक होते. शिपायांनी मचव्याचे दोर कापले.

मग पौलाने सगळ्यांना जेवायला सांगून भाकर मोडली, तो प्रसंग. इथे थेट प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण) पाहायची घाई होते. पौलाचे कारण साधे आहे: चौदा दिवस पोटात काही नाही, आणि बचावासाठी अन्न हवे. उपकारस्तुती करून तो स्वतः आधी जेवला, मग बाकीचे. उरलेला गहू त्यानंतर समुद्रात गेला, तारू हलके व्हावे म्हणून.

आणि जेवणाच्या त्या ओळींमध्येच तुम्ही माणसे मोजलीत: २७६. कैदी पळतील म्हणून त्यांना मारून टाकायचा शिपायांचा बेत पुढे होता, तो यूल्याने मोडला. कोणी पोहून, कोणी फळ्यांवर, सगळे किनाऱ्याला लागले. तुमच्या आकड्यात कैदी, शिपाई, खलाशी वेगळे काढलेले नाहीत. त्याबद्दलही आभार.

आपले,
बायबल अभ्यासवर्गाचे शिक्षक