स्पिरिटच्या टँकरची तपासणी सीलपाशीच थांबू नये

मा. संपादक,
महोदय,

औद्योगिक मद्यार्कावर, म्हणजे कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या स्पिरिटवर, नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 23 ऑक्टोबर 2024 रोजी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने दिला आणि याउलट असलेला आपलाच 1990 चा निकाल रद्द ठरवला. त्याची चर्चा मुख्यतः महसुलाच्या अंगाने झाली. परंतु राज्यघटनेतील राज्यसूचीच्या (राज्यांच्या अधिकारातील विषयांच्या यादीच्या) ज्या आठव्या नोंदीवर हा वाद होता, तिच्यात उत्पादन, ताबा आणि खरेदी-विक्रीच्या जोडीने ‘वाहतूक’ हाही शब्द आहे. हे पत्र त्या शब्दाविषयी आहे.

मी साखर कारखान्याच्या आसवनीत (डिस्टिलरीत) अनेक वर्षे माल पाठवणीचे काम केले. टँकर भरला की उत्पादन शुल्क विभागाच्या अधिकाऱ्यासमोर प्रत्येक कप्प्यात डिप रॉड (मोजपट्टीची सळई) सोडून पातळी मोजायची, तापमान आणि हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाचा) आकडा घेऊन मद्यार्काची तीव्रता काढायची, वरच्या झाकणाला आणि खालच्या व्हॉल्व्हला सील लावायचे, वाहतुकीच्या परवानगीच्या पासवर मार्ग आणि मुदत नोंदवायची. माल पोहोचल्यावर तिकडे पुन्हा सील आणि मोजमाप पाहायचे. हा जाच आहे असे मला कधीच वाटले नाही. जून 2015 मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉल हा विषारी मद्यार्क मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे आठवले की वाटेत एक लिटरही इकडचे तिकडे होता कामा नये, हे पटते.

मात्र ही सारी व्यवस्था टँकरमधला माल राखण्यासाठी आहे. तो टँकर ज्या रस्त्याने जातो तिथल्या माणसांचे काय? गेल्या उन्हाळ्यात नगर-मनमाड रस्त्यावर, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोंकडे जाणारा इथेनॉलचा (पेट्रोलमध्ये मिसळायच्या मद्यार्काचा) एक टँकर मी ढाब्यासमोर उभा पाहिला. तंदूरची भट्टी तिथून वीसेक पावलांवर होती. सील शाबूत होते आणि त्याच व्हॉल्व्हच्या जोडातून थेंब थेंब गळत होते. आपत्कालीन सूचनांचे कार्ड मागितल्यावर चालकाने सीटखालून एक इंग्रजी कागद काढून दिला. ‘मालकाने ठेवायला सांगितलाय, मला काही वाचता येत नाही,’ असे तो म्हणाला. मी त्या माणसाला दोष देत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये या गोष्टींची तरतूद आहे. धोकादायक माल नेणाऱ्या चालकाचे प्रशिक्षण आणि परवान्यावरील तशी नोंद, टँकरवरील माहितीफलक, ठिणगीरोधक, माल पाठवणाऱ्याची आणि वाहतूकदाराची जबाबदारी, हे सर्व तिथे लिहिलेले आहे. त्यातील नियम 9 तर चालकाला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे असे सांगतो. अडचण अशी की हे पाहायचे परिवहन विभागाने, पास द्यायचा उत्पादन शुल्क विभागाने, आणि एकाचा कागद दुसऱ्याला विचारत नाही.

निर्जल (पाणी काढून टाकलेल्या) इथेनॉलचा ज्वलनबिंदू (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते) सुमारे 13 अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आपल्याकडच्या हवेत गळलेल्या इथेनॉलची वाफ पेट घ्यायला एरवीही तयारच असते. त्याची ज्योत फिकट निळी. भर दुपारी ती जवळजवळ दिसत नाही. अग्निशामक दलाचा साधा फोम त्यावर टिकत नाही, विरून जातो. जून 2023 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळ रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि जळते रसायन पुलाखालच्या रस्त्यावर सांडले. तिथून आपल्या वाटेने जाणाऱ्या माणसांचाही त्यात बळी गेला.

म्हणून माझी मागणी अशी की, राज्य सरकार औद्योगिक मद्यार्काच्या नियमांना हात घालील तेव्हा वाहतूक पास आणि वाहनाची सुरक्षितता एकमेकांशी जोडावी. चालकाच्या परवान्यावरील नोंद, ठिणगीरोधक, अग्निशामक नळकांडी, व्हॉल्व्हची गळतीचाचणी आणि चालकाला वाचता येईल अशा भाषेतील आपत्कालीन कार्ड पाहिल्याशिवाय पास देऊ नये. अधिकारी सीलसाठी फाटकावर हजर असतोच. त्याला दहा मिनिटे अधिक लागतील. आणि या टँकरांच्या मार्गावरील नगरपालिकांच्या अग्निशामक दलांकडे अल्कोहोलच्या आगीवर चालणारा फोम आहे की नाही, याची पाहणी नवे नियम होण्याची वाट न पाहता येत्या गळीत हंगामाआधी करावी.

आपला,
एक निवृत्त आसवनी कर्मचारी, राहुरी